मोठ्या धावकांकडून आपण नेमकं काय उचललं?

पहाटवाट (धागाकर्ता)

मागच्या डिसेंबरात आयुष्यातली पहिली पूर्ण मॅरेथॉन पळालो. खरं सांगायचं तर ३१ किलोमीटरपर्यंत पळालो आणि उरलेले ११ चाललो. मधे दोनदा फुटपाथवर बसावं लागलं. दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले होते, हात गार पडले होते. एका घरातल्या आजोबांनी तांब्याभर मीठ-साखरेचं पाणी आणून दिलं. ते पाणी मी विसरणार नाही.

त्यानंतर बरेच दिवस एकच विचार डोक्यात होता. मी तयारीत कमी पडलो नव्हतो. पाच महिने आठवड्यातून पाच दिवस पळत होतो. मग चुकलं कुठे?

माझी सगळी तयारी केनियाचा मॅरेथॉनपटू एलिउड किपचोगे याचे व्हिडिओ बघून झाली होती. १२ ऑक्टोबर २०१९, व्हिएन्ना, १ तास ५९ मिनिटं ४० सेकंद. म्हणजे किलोमीटरला २ मिनिटं ५० सेकंद, आणि असे ४२ किलोमीटर. पेसर, म्हणजे ठरलेली गती राखायला सोबत पळणारे धावक, आळीपाळीने बदलत होते, त्यामुळे तो अधिकृत विक्रम धरला गेला नाही, पण माणूस धावला हे खरं. ते बघून अंगावर काटा यायचा आणि मी बूट घालून बाहेर पडायचो. रोज कालच्यापेक्षा जोरात. घड्याळात आकडा सुधारला की दिवस चांगला गेला असं वाटायचं.

नंतर त्याच्या सरावाबद्दल वाचत गेलो. केनियातल्या कप्तागतचं शिबिर समुद्रसपाटीपासून साधारण २४०० मीटर उंचीवर. प्रशिक्षक पॅट्रिक सँग, हे स्वतः १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसचे, म्हणजे अडथळ्यांवरून पळायच्या शर्यतीचे, रौप्यपदक विजेते. आठवड्याला २०० किलोमीटरच्या वर पळणं होतं, आणि त्यातलं बरंचसं त्याच्या मानाने अगदी सावकाश. सकाळी सगळे निघतात तेव्हा सुरुवातीचे किलोमीटर इतके हळू असतात की आपल्यातलाही कोणी थोडा वेळ सोबत राहील. जोरात पळण्याचे दिवस मोजके. रोजची नोंद तो वहीत हाताने लिहितो आणि शिबिरातली साफसफाई पाळीप्रमाणे करतो.

म्हणजे मी त्याची शर्यत उचलली, त्याचा सराव नाही. माझं मत असं झालंय की आपण बहुतेक जण हेच करतो.

म्हणून हा धागा. कोणत्या धावकामुळे तुमच्या पळण्यात प्रत्यक्ष काही बदललं? नुसतं आवडतो म्हणून नको. काय बदललं ते लिहा.

---

तळजाईकर

उत्तम विषय. ३१ व्या किलोमीटरला काय झालं ते सांगतो, कारण ते प्रत्येकाला कळायला हवं.

माणसाला एक किलोमीटर पळायला वजनाच्या प्रत्येक किलोमागे ढोबळ मानाने १ कॅलरी लागते. ७० किलोच्या माणसाला मॅरेथॉनला २९०० च्या आसपास. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, साधारण २००० कॅलरींची. ती ३० ते ३५ किलोमीटरच्या दरम्यान संपत येते. यालाच आपण भिंत लागणं म्हणतो. चरबी मात्र अंगात भरपूर असते. पण तुम्ही जितकं जोरात पळाल तितकी साखर जास्त जळते आणि चरबी कमी.

सावकाश, लांब पळण्याने शरीर चरबीवर चालायला शिकतं. स्नायूंत केशवाहिन्या वाढतात, पेशींतली ऊर्जा तयार करणारी यंत्रणा वाढते. हे काम महिनोन्महिने चालतं आणि घड्याळात लगेच दिसत नाही. रोज मध्यम जोरात पळणाऱ्याचं हे काम अर्धवट राहतं आणि खऱ्या वेगाचा सरावही धड होत नाही, कारण पाय कायम थकलेले.

माझ्यापुरतं उत्तर आर्थर लिडियार्ड. तो स्वतः न्यूझीलंडचा मॅरेथॉन विजेता होता, पण गाजला प्रशिक्षक म्हणून. त्याने ८०० मीटर पळणाऱ्या पीटर स्नेललासुद्धा आठवड्याला १०० मैल पळायला लावलं. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये स्नेलला ८०० मीटरचं सुवर्ण, मरी हॅलबर्गला ५००० मीटरचं सुवर्ण आणि बॅरी मगीला मॅरेथॉनचं कांस्य. तिघेही त्याचेच शिष्य. ऑकलंडजवळच्या डोंगरांतून २२ मैलांची फेरी हा त्यांचा रविवार.

ते वाचल्यावर मी रविवारचं रस्त्यावरचं पळणं सोडलं आणि पुण्यातच तळजाई ते पाचगाव-पर्वती असा टेकडीवर फिरत राहायला लागलो. अंतर मोजत नाही, वेळ मोजतो. अडीच तास. चढावर चालतो. दोन वर्षांत हाफ मॅरेथॉनचा वेळ १९ मिनिटांनी उतरला आणि गुडघ्याची तक्रार गेली.

---

निवृत्त_फौजी

परदेशी नावं आली, ठीक आहे. पण आपले शिवनाथ सिंग कोणाला आठवतात का?

बिहारमधल्या बक्सरकडचा माणूस, फौजेतला. १९७४ ला तेहरानच्या आशियाई स्पर्धेत ५००० मीटरचं सुवर्ण. १९७६ ला माँट्रियल ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये बराच वेळ आघाडीच्या घोळक्यात होते. त्या घोळक्यात कोण होतं बघा: आधीच्या ऑलिंपिकचा विजेता फ्रँक शॉर्टर आणि त्या दिवशी जिंकलेला वाल्डेमार चिएरपिन्स्की. शिवनाथ ११ वे आले, २ तास १६ मिनिटं २२ सेकंद. मग १९७८ ला जालंधरला २ तास १२ मिनिटं. हा राष्ट्रीय विक्रम चार दशकांहून जास्त काळ कोणाला मोडता आला नाही. नवे बूट आले, घड्याळं आली, शास्त्र आलं, तरी नाही. आणि ते अनेकदा अनवाणी पळत.

आमच्या पलटणीत एक उस्ताद होते. शिवनाथ यांना त्यांनी पळताना पाहिलं होतं. ते आम्हाला एवढंच सांगायचे, "पुढच्याच्या पाठीकडे बघ, घड्याळाकडे नको." मी आज ६३ चा आहे, घड्याळ घालत नाही.

आता पुण्याचं सांगतो. आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट आपल्याच गावात आहे. टी. गोपी आणि खेताराम यांनी तिथे सराव केला. २०१६ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये गोपी आपल्या सहकाऱ्यासाठी, नितेंद्र सिंग रावतसाठी, पेसर म्हणून उतरला होता. पेसरने मधेच थांबायचं असतं. तो थांबला नाही, भारतीयांत दुसरा आला आणि रिओ ऑलिंपिकसाठी पात्र ठरला. रिओत गोपी २५ वा, २:१५:२५. खेताराम २६ वा, २:१५:२६. एका सेकंदाचा फरक! एकत्र सराव म्हणजे काय, ते या दोन आकड्यांत दिसतं. पुढच्या वर्षी आशियाई मॅरेथॉन अजिंक्यपद जिंकणारा गोपी पहिला भारतीय पुरुष झाला.

पहाटवाट, तुम्ही एकटे पळत होता का? तुमच्या लिहिण्यात सोबत कोणी दिसलं नाही.

---

पहाटवाट

काका, हो. एकटाच. कानात गाणी लावून.

---

निवृत्त_फौजी

मग अर्धं उत्तर तिथेच आहे.

---

खिडकीतून

मस्त धागा. मी पळत नाही, पण सगळं वाचतेय. लिहीत राहा.

---

बेळगाव_ते_कोथरूड

फौजी काकांनी पुण्याचा विषय काढलाच आहे तर थोडं मागे जाऊ. शंभर वर्षं मागे.

डेक्कन जिमखान्याच्या चौकातून आपण रोज जातो. भारताचं ऑलिंपिकमधलं लांब पल्ल्याचं पळणं त्याच मैदानावरून सुरू झालं. सर दोराबजी टाटा तेव्हा जिमखान्याचे अध्यक्ष होते. १९१९ च्या तिथल्या स्पर्धांत त्यांनी खेड्यापाड्यांतून आलेली मुलं अनवाणी पळताना पाहिली. ना प्रशिक्षण, ना पद्धत, पण वेळ परदेशातल्या धावकांच्या जवळपास जाणारी. ही मुलं ऑलिंपिकला गेली पाहिजेत हे त्यांनी तिथे मनावर घेतलं. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांचा पाठिंबा मिळवला आणि १९२० ला अँटवर्पला चार धावक आणि दोन मल्ल असा संघ गेला.

त्या चारांतले दोघे मॅरेथॉनमध्ये उतरले. आमच्या बेळगावचे पी. डी. चौगुले आणि सदाशिव दातार. चौगुले १९ वे आले, २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद.

हा आकडा वाचून "एवढंच?" असं वाटू देऊ नका. ४२.१९५ हे अंतर तेव्हा पक्कं झालेलं नव्हतं. अँटवर्पचा मार्ग ४२.७५ किलोमीटरचा होता, ऑलिंपिकच्या इतिहासातली सर्वांत लांब मॅरेथॉन. हिशोब करा, किलोमीटरला ४ मिनिटं पडतात. आजही पुण्यात या गतीने पूर्ण मॅरेथॉन पळणाऱ्या हौशी धावकाकडे लोक वळून बघतात. आणि हा माणूस बोटीचा प्रवास करून, परक्या हवेत, शंभर वर्षांपूर्वी पळाला.

मी बेळगावात लहानाचा मोठा झालो आणि हे नाव मला ४० व्या वर्षी कळलं. शाळेत कोणी सांगितलं नाही याचं फार वाईट वाटतं. माझ्यात बदल काय झाला? रोज सकाळी जिमखान्याच्या मैदानाजवळून जाताना पाय उचलले जातात. थंडीत, पावसात, कंटाळ्यात. याला शास्त्र नाही, पण तीन वर्षांत माझा सराव मोडलेला नाही.

---

फळा_आणि_खडू

धागा पूर्ण पुरुषांचा व्हायच्या आत लिहिते.

मी ४९ वर्षांची आहे, शाळेत शिकवते. माझ्या शाळेच्या दिवसांत मुलींची सर्वांत लांब शर्यत ४०० मीटर होती. आमच्या बाईंना विचारलं की जास्त का नाही, तर म्हणाल्या, मुलींना झेपत नाही. आता कळतं की साऱ्या जगात तेच चाललं होतं. १९८० च्या ऑलिंपिकपर्यंत बायकांची सर्वांत लांब शर्यत १५०० मीटर होती. त्याच्या पुढे नाहीच.

१९६६ ला बॉबी गिब बोस्टन मॅरेथॉनला झुडपांत लपून बसली आणि शर्यत सुटल्यावर विनाक्रमांक पळाली. १९६७ ला कॅथरीन स्विट्झरने नुसती आद्याक्षरं लिहून नाव नोंदवलं, २६१ क्रमांक मिळवला, तर एक अधिकारी धावत येऊन तो क्रमांक ओढायला लागला. तिने शर्यत पूर्ण केली. बोस्टनने बायकांना रीतसर प्रवेश दिला १९७२ मध्ये. ऑलिंपिक मॅरेथॉन १९८४ मध्ये, लॉस एंजेलिसला.

ती पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन जोन बेनॉइटने जिंकली, २ तास २४ मिनिटं ५२ सेकंदांत. अमेरिकेच्या निवड शर्यतीच्या १७ दिवस आधी तिच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली होती. ऑलिंपिकच्या दिवशी ती सुरुवातीच्या काही किलोमीटरांतच पुढे निघून गेली. बाकीच्यांना वाटलं, उन्हात दमेल, परत हाताशी येईल. ती आली नाही. मला या शर्यतीतलं हेच आवडतं. दुसरे काय गतीने पळताहेत यावर तिने आपली गती ठरवली नाही.

मी ४२ व्या वर्षी सुरुवात केली तेव्हा किलोमीटरला ९ मिनिटं लागायची. रस्त्यात लोक बघायचे, एक-दोघांनी शेरे मारले. मी पळणं सोडून गच्चीवर फेऱ्या मारायला लागले. मग वर्तमानपत्रात ललिता बाबरबद्दल वाचलं. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या मोहीची मुलगी, दुष्काळी भागातली. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीनदा पहिली. नंतर स्टीपलचेसकडे वळली आणि रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत १० वी आली. ट्रॅकवरच्या अंतिम फेरीत भारतीय महिला पोचली ती १९८४ च्या पी. टी. उषानंतर थेट ३२ वर्षांनी. नाशिककडच्या सावरपाड्याची कविता राऊतही रिओत मॅरेथॉन पळाली. या मुली माळरानावर पळाल्या, मग मला कर्वे रस्त्याची लाज का वाटावी? गच्ची सोडली. आज आम्ही सात जणी आहोत. सर्वांत धाकटी २४ ची, सर्वांत मोठी ६१ ची.

---

सिमेंटचा_रस्ता

माझा अनुभव उलट्या बाजूचा आहे, पण सांगायलाच हवा. कोणाचा तरी पाय वाचेल.

अबेबे बिकिलाची गोष्ट वाचून मी वेडा झालो होतो. १९६०, रोम. बूट नीट बसेनात म्हणून तो अनवाणी पळाला. रात्रीची शर्यत, मशालींचा उजेड, फरसबंद आपियन रस्ता, शेवट कॉन्स्टंटाइनच्या कमानीपाशी. वेळ २:१५:१६, तेव्हाची जगातली सर्वोत्तम. इथिओपियावर एकेकाळी चालून गेलेल्या इटलीच्या राजधानीत इथिओपियाचा शिपाई जिंकला. १९६४ ला टोकियोत अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर ४० दिवसही झाले नसताना पुन्हा पहिला आला, तेव्हा पायात बूट होते. लागोपाठ दोन ऑलिंपिक मॅरेथॉन जिंकणारा पहिलाच.

मी बूट कपाटात ठेवले आणि सिमेंटच्या रस्त्यावर अनवाणी १० किलोमीटर सुरू केलं. सातव्या आठवड्यात तळपायाच्या पुढच्या भागात दुखायला लागलं. दुखणं अंगावर काढलं. शेवटी हाडाला बारीक तडा निघाला. अडीच महिने पळणं बंद.

बिकिला लहानपणापासून अनवाणी, डोंगरातल्या मातीवर. त्याच्या तळव्यांना आणि घोट्यांना तीस वर्षांची सवय होती. माझ्या पायांना इयत्ता पहिलीपासून बूट. मी त्याचे अनवाणी पाय घेतले आणि त्यामागची तीस वर्षं घ्यायची राहिली. धागाकर्त्याने लिहिलंय ते अगदी हेच आहे.

आता आठवड्यातून एकदा, सराव संपल्यावर, गवतावर १० मिनिटं अनवाणी पळतो. तेवढंच. पाय मजबूत वाटतात.

---

रात्रपाळी_हिंजवडी

इथे बुटांवर सगळे नाराज दिसतात, म्हणून एक बाजू मांडतो. जाड फोम आणि आत कार्बनची पट्टी असलेल्या बुटांनी फरक पडतो, हे नाकारून चालणार नाही. म्हणून तर जागतिक संघटनेला २०२० मध्ये रस्त्यावरच्या बुटांच्या तळव्याची जाडी ४० मिलिमीटरवर बांधावी लागली. पण तो फरक ज्याचा पाया तयार आहे त्याला. पहिल्या मॅरेथॉनला त्या पैशात वर्षभराचे दोन साधे जोड घ्यावेत, असं माझं मत.

मला बदललं ते युकी कावाउचीने. जपानी माणूस, सरकारी शाळेच्या कार्यालयात पूर्णवेळ नोकरी. कंपनीचा संघ नाही, शिबिर नाही. कामाच्या आधी पळायचा आणि शनिवार-रविवारी कुठली तरी शर्यत, तोच त्याचा कडक सराव. २०१८ ला बोस्टनमध्ये गोठवणारा पाऊस आणि समोरून वारा होता, मोठमोठे धावक सोडून गेले, आणि हा २:१५:५८ मध्ये जिंकला. पुढच्या वर्षी नोकरी सोडून व्यावसायिक झाला, पण बोस्टन जिंकला तो नोकरी करताना.

माझी पाळी रात्री दोनला संपते. "वेळ नाही" हे वाक्य मी पाच वर्षं वापरलं. आता दुपारी साडेचारला पाषाण तलावाकडे निघतो, एक तास पळतो, आंघोळ करून कामाला. मार्च ते मे उन्हामुळे इमारतीच्या जिन्यावर.

---

पेठेतला_जुना

एक छोटी भर. पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ ला सुरू झाली. मी तेव्हा नववीत. वडील आम्हाला पहाटे सनस मैदानाजवळ उभं करायचे. परदेशातले धावक समोरून गेले ते दहा सेकंदांत, पण एक गोष्ट मनात पक्की बसली: त्यांच्या पावलांचा आवाज येत नव्हता. आमच्या शाळेतले पोरं पळाली की धपधप व्हायचं.

त्या दिवसापासून मी आवाज न करता पळायचा प्रयत्न करतोय. पाऊल शरीराच्या खाली पडलं, फार पुढे नाही, की आवाज आपोआप कमी होतो. ४० वर्षांत मला गुडघ्याची दुखापत झाली नाही. धावक रस्त्यावर प्रत्यक्ष बघायला मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे. मुलांना घेऊन जा, उभं करा.

---

पहाटवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री परत सगळं वाचून काढलं.

चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झातोपेक कोणी काढला नाही म्हणून दोन ओळी. १९५२, हेलसिंकी. खाशाबा जाधवांनी आपल्याला कांस्य मिळवून दिलं तेच ऑलिंपिक. झातोपेकने ५००० आणि १०,००० मीटर जिंकून मग आयुष्यातली पहिली मॅरेथॉन पळायची ठरवली, आणि तीही जिंकली, २:२३:०३. बिनीचा धावक जिम पीटर्स होता, त्याला पळता पळता विचारलं, गती बरोबर आहे ना? माझ्या डोक्यात ते चित्र बसलंय: तीन सुवर्णांचा मानकरी होणारा माणूस शेजारच्याला विचारतोय. मी पाच महिन्यांत कोणाला काहीच विचारलं नव्हतं.

आता ठरवलंय ते लिहितो, चुकत असेल तर सांगा. आठवड्याचे पाच दिवस. त्यातले चार दिवस इतक्या सावकाश की पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, धाप लागली तर चालायचं. एक दिवस जोरात, तोही ट्रॅकवर. कानातली गाणी बंद. पूर्ण मॅरेथॉन या वर्षी नाही, हाफ. पूर्ण पुढच्या वर्षी.

आणि रविवारी सोबत हवी आहे. सनस मैदानापासून निघू, टिळक रस्त्याने अलका टॉकीज चौक, लकडी पूल ओलांडून जिमखान्याच्या मैदानाला वळसा, मग लॉ कॉलेज रस्त्याने हनुमान टेकडीच्या पायथ्यापर्यंत आणि परत. साधारण दोन तास.

---

बेळगाव_ते_कोथरूड

मी जिमखान्यापाशी येऊन मिळतो. चौगुल्यांचा एक जुना फोटो माझ्याकडे आहे, दाखवतो.

---

निवृत्त_फौजी

हजर. राजगिऱ्याचे लाडू घरचे आणतो. दुसऱ्या तासाला अर्धा-अर्धा खायचा, भूक लागायची वाट बघायची नाही.

---

फळा_आणि_खडू

आम्ही सात जणींपैकी चौघी येऊ शकतो. फक्त आधी सांगा, गट कोणत्या गतीने जाणार? आमची किलोमीटरला ८ मिनिटं आहे आणि मागे राहून कोणाला थांबवायला आवडत नाही.

---

पहाटवाट

ताई, ८ मिनिटंच ठेवू. मला तीच गती शिकायची आहे. पुढे तुम्ही राहा. पहाटे ५:१५, सनसच्या सारसबागेकडच्या फाटकाशी.